पान एकशे बेचाळीस

खोकला दोन आठवड्यांच्या वर रेंगाळला असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी बेडका तपासून या. माझी कहाणी कुठे पळून जात नाही, परत आल्यावर वाचा.

मला टीबी झाला होता. फुप्फुसाचा. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, आता बरा आहे, दुकानात बसतो, वजन परत आलंय. आजार झाला याची मला लाज वाटत नाही. तो कोणालाही होतो. आजारपणात मी जे वागलो त्याची वाटते, आणि ती गोळ्यांनी जात नाही. तुमचं निदान आज-उद्या झालं असेल तर माझी ही एवढी चूक तरी तुमच्या हातून होऊ नये, म्हणून लिहायला बसलो.

दुकानामागची खोली

वाशीमजवळच्या शिरपूरला जैन देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. वह्या, कंपास, गाइडं, यात्रेकरूंसाठी स्तवनांच्या पुस्तिका. वय चोपन्न. घरात मी आणि माझी बायको संगीता. मुलगा पुण्याला नोकरीला. चार वर्षांपूर्वी त्यानं एक पुस्तक पाठवलं, दुकानात ठेवून बघा म्हणाला. ‘काजवेपूर’, भाग पहिला.

ठेवलं. कोणी हात लावला नाही. आमच्याकडे गाइड घेताना बाप मागेपुढे बघत नाही, पण गोष्टीचं पुस्तक दिसलं की विचारतो, “हे परीक्षेत येते काय?” शेवटी एका संध्याकाळी वह्या घ्यायला आलेल्या तीन पोरांना मीच पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सात आली. आठवड्याभरात तेरा झाली आणि तेरावर थांबली, कारण दुकानामागच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये तेवढीच मावायची.

काजवेपूर हे विहिरीच्या तळाशी वसलेलं गाव. तिथे सूर्य पोचत नाही, म्हणून काजवे दिवे लावतात. एक घुबडआजी, जिला दिवसाच झोप येत नाही. आणि शाळेत भुंगेमास्तर, जाड भिंगाचा चष्मा, कायम चुकीच्या वर्गात शिरून तिथलाच धडा शिकवून येणारे. पोरांचा जीव भुंगेमास्तरांवर. शाळेच्या गॅदरिंगला एकाच वेळी तीन भुंगेमास्तर स्टेजवर चढले आणि खरा कोण यावरून मारामारी झाली. आमच्या पायलनं तर घरच्या बकरीच्या पिल्लाला घुबडआजीचं नाव ठेवलं होतं.

पायल बंजारा तांड्यावरची. पहिला भाग आला तेव्हा दुसरीत होती. आई-बाप दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहून शाळा करते. बसायची माझ्या अगदी शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, कारण तिला ऐकताना पानावरची अक्षरं बघायची असत. तिच्यामुळे मला एक धडा आधीच मिळाला होता.

झालं असं की मालिका भागागणिक काळी होत गेली. दुसऱ्या भागात दिवे विझू लागले. तिसऱ्यात एक अख्खी गल्ली अंधारात हरवली. चौथ्यात घुबडआजी मेली. माझ्यानं ते वाचवेना. समोर पोरं हसऱ्या चेहऱ्यानं बसलेली. मी हळूच दोन पानं उलटली आणि पुढे सुरू केलं. पायल म्हणाली, “काका, तुमी पानं सोडली. अठ्ठ्याऐंशीनंतर एक्क्याण्णव कसं येईन?”

“चिकटली होती, बाप्पा.”

“नाई चिकटली. आजी मेली काय? मेली तं मेली म्हना. आमाले फसवू नका.”

मग वाचलं. तेराच्या तेरा रडली, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधीच येऊन बसली. त्या दिवसापासून नियम झाला: काही गाळायचं नाही. त्या तेरातल्या सोहमची आई दुकानावर भांडायला आली, “आमचं पोट्टं एकटं मोरीत जात नाई आता. हे कायचं पुस्तक वाचून राह्यले तुमी?” मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “वहिनी, पोरं मोठी होऊन राह्यली, तशी गोष्टबी मोठी होऊन राह्यली. लेकरायपासून खरं लपवू नाई.” हे माझे शब्द. लोकांसमोर बोललेले.

वाचायची रीत मी वडिलांकडून घेतली होती. चातुर्मासात ते रोज घरी पोथी वाचत. उद्या वाचायचं ते आज एकट्यानं वाचून ठेवायचं. अक्षर गाळायचं नाही. आणि तोंडासमोर पांढऱ्या कापडाची घडी धरायची, मुहपत्ती, म्हणजे आपली थुंकी पोथीवर उडत नाही, हवेतल्या जीवांनाही त्रास होत नाही. पोथी वाचताना मी आजही धरतो. काजवेपूर वाचताना कधी धरली नाही. ती काय पोथी होती थोडीच.

उपासाचं तेज

पाचवा भाग गेल्या चातुर्मासात आला. पार्सल वाशीमहून बसनं येणार होतं, तर तेरा पोरं स्टँडवर हजर. कंडक्टर म्हणाला, “कोन्या मंत्र्याले घ्याले आले काय रे?”

खोकला त्याच सुमारास लागला. आधी कोरडा, मग बेडका, संध्याकाळी अंग कोमट. मी काढा घेतला, खडीसाखर चघळली. पर्युषणात आठ दिवस एकासणं केली, म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचं. महिन्याभरात वजन आठ किलो उतरलं. एकासणं केल्यानं कोणाचं आठ किलो उतरत नाही, हे मला कळत होतं. पण देवळात लोक म्हणू लागले, “काय तेज चढलं हो चेहऱ्यावर! खरी तपश्चर्या.” एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर भर मंडपात हात जोडून माझ्या तपाची अनुमोदना केली. मी मान खाली घालून ती घेतली. टीबीनं पोखरलेल्या शरीराला लोक पुण्य समजत होते आणि मी त्यांना समजू देत होतो. आज देवळात पाऊल टाकताना मला ते जोडलेले हात आधी आठवतात.

संगीता रोज म्हणायची, “वाशीमले दाखवून या.” मी म्हणायचो, पुस्तक संपलं की जातो. खोलीची खिडकी मी लावून ठेवायचो, कागदाला ओल लागते म्हणून. तेरा पोरं आणि मी, रोज तासभर. मधे मधे खोकायचो, पोरं थांबायची. पायल उठून पाण्याचा तांब्या आणून द्यायची.

खरं सांगू? मला ती संध्याकाळ सोडवत नव्हती. दिवसभर मी पेनाच्या रिफिली विकणारा माणूस. त्या एका तासात तेरा जोडी डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले असत. त्याची नशा असते.

पान एकशे एक्केचाळीस संपता संपता मोठी उबळ आली. रुमाल तोंडावरून काढला तर त्यावर लाल. पोरांनी बघितलं.

“काय झालं, काका?”

“काही नाई रे. बीट खाल्लं होतं.”

पायल हळूच म्हणाली, “काका, तुमी तं जमिनीखालचं खातच नाई.”

खरंच होतं. आमच्या घरात कांदा-बटाटा येत नाही, बीट कुठून येणार. खोटं बोलायचं तर निदान आपल्या चुलीला शोभेल असं तरी बोलावं.

वाशीम

सकाळच्या बसनं वाशीमला सरकारी दवाखान्यात गेलो. संगीता सोबत. एक्स-रे, बेडक्याची डबी, रांग. डॉक्टरबाई माझ्या मुलापेक्षाही लहान. एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाल्या, “काका, टीबी दिसतोय. बेडक्याच्या तपासणीनं पक्कं होईल. घाबरू नका, हा बरा होतो.” मी विचारलेला पहिला प्रश्न असा: “बाई, हे गावात कोणाला कळतं का?” बरा होईन का, हे नंतर विचारलं. संगीतानं माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली.

रक्त पडत होतं म्हणून चार दिवस वॉर्डात ठेवलं. पहाटे फिनेलचा वास, मग गोळ्या, मग ताप बघणारी सिस्टर. दुपार संपता संपत नाही. शेजारी मंगरुळपीरकडचे एक बाबा होते, दुसऱ्यांदा टीबी झालेला, पहिल्या वेळी बरं वाटताच गोळ्या सोडलेल्या. मला म्हणाले, “तुमी घ्या खिडकीची खाट. मले बाहेरचं पाहून कंटाळा आला.” मला हवा लागावी म्हणून खोटं बोलत होते. पहिल्या दिवशी डबा सात वाजता आला, दिवस मावळलेला, मी तसाच बाजूला ठेवला. सिस्टरनं एकच प्रश्न विचारला, “जैन आहे काय?” दुसऱ्या दिवसापासून डबा साडेपाचला यायला लागला. कोणी कोणावर उपकार केल्यासारखं बोललं नाही. अशा माणसांनी मला उभं केलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

डॉक्टरबाईंनी अंडी खायला सांगितली आणि माझं तोंड बघून स्वतःच हसल्या. मग मूग, चणे, शेंगदाणे, दूध यावर तडजोड झाली.

सुटताना त्यांनी समजावलं. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. पहिले काही आठवडे तोंडावर मास्क, लोकांत मिसळणं नाही. आणि बंद खोलीत रोज जवळ बसणारं जे कोणी असेल त्याची तपासणी करायची, लहान मुलं आधी. मी मान डोलावली. “घरात दोघंच आहोत,” म्हणालो. संगीता तेव्हा कागद घ्यायला खिडकीवर गेली होती.

लोखंडी पेटी

घरी आलो त्या दुपारी सवयीनं पुस्तक उघडलं, उद्याचं आज वाचून ठेवायला. पान एकशे बेचाळीस.

काजवेपुरात दिवे कशानं विझतात ते त्या पानावर कळतं. काळोखाची पूड भुंगेमास्तरांच्या पंखांवर बसलेली असते. ते ज्या वर्गात शिरतात तिथले काजवे मंद होतात. आणि मास्तरांना हे माहीत असतं. आधीपासून. सांगितलं तर पोरं आपल्या वर्गात येणार नाहीत, म्हणून ते गप्प राहतात.

मी पुस्तक मिटलं. पुस्तक लिहिणाऱ्याला आमच्या शिरपुरातल्या दुकानदाराची कुंडली कोणी सांगितली, असं वाटून गेलं. हे पान मी पोरांसमोर वाचणार? खोकत? आणि पान सोडायची सोय तर पायलनं ठेवलीच नव्हती. मी पुस्तक लोखंडी पेटीत, गोधड्यांच्या खाली घातलं आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी पोरं आली. मी मास्क लावून गल्ल्यावरच बसलो होतो. सांगितलं, टायफॉइड झालाय, वाचन बंद. आणि पुढचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, “तसंबी पुस्तक सापडून नाई राह्यलं. कोणी नेलं का रे?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी दवाखान्यात असताना पायल संगीताकडे आली होती, ‘काका येईस्तोवर मी पुस्तक घरी नेऊ काय’ विचारायला. संगीतानं नाही म्हटलं होतं. हे सोहमनं ऐकलेलं.

“पायलनंच नेलं असन,” तो म्हणाला.

दोन दिवसांत ते गावभर झालं. शाळेत तिच्या दप्तराची झडती घेतली. ती माझ्या ओट्यापाशी आली, डोळे सुजलेले. “काका, मी नाई नेलं. पोहरादेवीची शपथ.”

तांड्यावरचं लेकरू पोहरादेवीची खोटी शपथ घेत नाही, हे या भागात शेंबडं पोरही जाणतं. आणि पुस्तक माझ्यापासून वीस पावलांवर होतं. मी म्हणालो, “पाहू, सापडन.” एवढंच. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि गेली.

दसऱ्यानंतर तिचा बाप ऊसतोडीला निघाला तेव्हा या वर्षी तिलाही घेऊन गेला. “इथी राहून चोर म्हनून घेन काय?” म्हणाला म्हणे. तिची सहावी सुटली.

गावच्या आशा सेविका वंदनाताई घरी आल्या. आमच्याच गल्लीतल्या, सगळ्यांना ओळखणाऱ्या. कागद काढून विचारलं, “भाऊ, घरात कोन कोन? दुकानात रोज जवळ बसनारं कोनी?” खोलीत त्यांनी स्वतः कधी डोकावलं नव्हतं, कारण त्या वेळी त्या फिरतीवर असत. मी म्हणालो, “गिऱ्हाईक येते अन् जाते.” संगीता घरात स्वयंपाकाला होती. नंतर तिनं विचारलं, “पोरायचं सांगितलं ना?” मी म्हणालो, “हो.” तिची तपासणी झाली, ती ठीक निघाली आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

गोळ्यांचे दिवस

गोळ्या रोज सकाळी. लघवी केशरी होते, घाबरू नका. पहिले पंधरा दिवस मळमळ, तोंडाला चव नाही. मग एक दिवस फोडणीचा वास आवडतो आणि आपल्याला रडू येतं. महिन्याभरात ताप गेला, दीड महिन्यात खोकला. इथेच माणूस फसतो. बरं वाटतं तेव्हाच गोळी जास्त इमानानं खायची, हे खिडकीवाल्या बाबांनी मला शिकवलं.

भीती मरणाची नव्हती. संध्याकाळची होती. साडेसहा वाजले की खोलीकडे बघवत नसे.

थंडी पडली होती. पायलची आजी दुकानावर आली, नातीला फोन लावून मागायला. तिला नंबर दाबता येत नाहीत, आधी पायलच लावून द्यायची. मी फोन लावून हातात दिला. म्हातारी बोलली, ठेवला आणि म्हणाली, “पोट्टी लय खोकून राह्यली म्हंते तिचा बाप. उसाची धूळ लागते ना. वाळून गेली.”



संगीता

आजी गेल्यावर मी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं, आत गेलो, पेटी उघडली आणि पुस्तक संगीताच्या पुढ्यात ठेवलं. सगळं सांगितलं. टायफॉइडचं तिला ठाऊकच होतं, त्यात ती सामील होती. पुस्तकाचं आणि वंदनाताईंना दिलेल्या उत्तराचं ठाऊक नव्हतं.

ती निवडत बसली होती, तुरीच्या डाळीतले खडे. हात थांबले. मला वाटलं ओरडेल. ती हळू आवाजात म्हणाली, “पोथीसमोर कपडा धरला तुमी. कागदावर थुंकी उडू नाई म्हनून. अन् पोरायसमोर नाई धरला.”

तीस वर्षांच्या संसारात तिनं मला पुष्कळ बोल लावलेत. हा एक अजून उतरला नाही.

मी म्हणालो, “आता काय करू?”

“मले कायले विचारता? तेरा नावं हायेत. सांगा जाऊन.”

तेरा नावं

आधी पायलच्या बापाला फोन केला. सांगितलं, मला टीबी होता, तुझी पोर रोज माझ्या शेजारी बसायची, आजच्या आज तिकडच्या सरकारी दवाखान्यात ने. आणि पुस्तक तिनं नेलं नव्हतं, मी लपवलं होतं. पलीकडे कोयत्यांचा आवाज येत होता.

मग तो म्हणाला, “चोर म्हनून पाठवलं तुमी तिले. अन् आता हे.” फोन ठेवला. पण त्याच दिवशी नेलं तिला, काम टाकून.

मग वंदनाताईंकडे गेलो. त्यांनी नावं लिहून घेतली. शेवटचं नाव लिहून पेन बंद केलं आणि म्हणाल्या, “दोन महिने झाले, भाऊ.”

बाकी बारा जणांची तपासणी झाली. बाराच्या बारा ठीक निघाली, तरी काही जणांना आजार होऊ नये म्हणून औषध सुरू केलं. आई-बाप दुकानासमोर आले. सोहमची आई पुढे. मला वाटलं शिव्या देईल, त्या मी खाल्ल्या असत्या. ती फक्त म्हणाली, “लेकरायपासून खरं लपवू नाई, असं म्हनत होते तुमी.” आणि वळून निघून गेली. त्या दिवसापासून आमच्या दुकानासमोरून माणसं रस्त्याची दुसरी बाजू धरून जाऊ लागली. देवळातल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे मी स्वतः गेलो, ते तेज उपासाचं नव्हतं म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुन्हा हात जोडले नाहीत.

पायलला टीबी निघाला.

डॉक्टरबाईंना विचारलं, माझ्यामुळेच ना? त्या म्हणाल्या, “छातीठोक नाही सांगता येत. कोणाकडूनही होऊ शकतो. लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.” त्या पहिल्या वाक्याच्या आडोशाला मी आठवडाभर बसलो. मग तिथूनही उठलो, कारण शेवटचं वाक्य होतंच.

ओटा

माझ्या गोळ्या एप्रिलमध्ये संपल्या. मे महिन्यात तोडीवरची माणसं परतली. एका संध्याकाळी पायल ओट्याखाली उभी दिसली. उंच झालेली, गालफडं बसलेली, पण खोकला नाही. गोळ्या चालू होत्या, अजून महिनाभर राहिल्या होत्या. मागे तिची आजी, आणि जरा अंतरावर चार-पाच पोरं, सोहमही त्यात.

मी खाली उतरलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “पायल, पुस्तक म्या लपवलं होतं. तू चोर नव्हती. तू शपथ घेतली तवाबी मले माहीत होतं. चुकलो मी.”

ती म्हणाली, “पुस्तक द्या.”

दिलं. तिनं ते फ्रॉकला पुसलं, काखेत मारलं आणि भर रस्त्यानं सगळ्यांच्या देखत घरी घेऊन गेली. जे न केल्याबद्दल तिची झडती झाली होती, ते तिनं आता उघडपणे केलं.

चौथ्या दिवशी परत आली. पुस्तक गल्ल्यावर ठेवलं.

“वाचलं?” मी विचारलं.

“संपवलं.”

मी पान एकशे बेचाळीसच्या पुढे कधी गेलोच नव्हतो. विचारलं, “मास्तर सांगतात काय शेवटी?”

“सांगते. पन लय उशिरा.”

“मंग पोरं काय म्हनतात? माफ करतात काय त्याले?”

तिला खोटं बोलायचं नव्हतं, ते दिसत होतं. “ते लिवलंच नाई त्याच्यात,” म्हणाली.

मी मान हलवली. ती जायला वळली, मग थांबली. “उद्या वाचता काय? मी सगळ्यायले सांगतो. पन त्या खोलीत नाई. इथी, ओट्यावर.”

दुसऱ्या दिवशी साडेसहाला नऊ जण आले. चौघांना घरून सोडलं नव्हतं, त्यांच्या आई-बापांचं चुकलं नाही. ओट्यावर वारा होता, रस्त्यावरची माणसं जाता-येता बघत होती. मी आतून वडिलांची मुहपत्ती आणली आणि तोंडासमोर धरली.

सोहमनं विचारलं, “काका, तुमी तं बरे झाले ना? मंग हे काहून?”

डॉक्टरबाईंनी मला काही महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की आता मास्क लागत नाही. मी म्हणालो, “पोथी वाचताना धरतात.”

पुस्तक उघडलं. अंदाजानं एक पान काढलं आणि सुरू करणार, तेवढ्यात पायलनं शेजारून हात घातला आणि चार पानं मागे उलटली.

“एकशे बेचाळीस,” ती म्हणाली. “इथी थांबले होते तुमी.”